कुजबुजे गाडीत बसतात

पडदा वर जातो तेव्हा समोर एका मोठ्या इमारतीचं तळघर आहे. खांबांवर पिवळे-काळे पट्टे, वर पाइपांचं जाळं, कोपऱ्यात येते-येते म्हणत कधीच धड न पेटणारी एक ट्यूबलाइट. ओळीनं गाड्या झोपल्या आहेत. त्यांतल्या एकीत तेवढा दिवा आहे. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक सडपातळ म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून, गाडीच्या स्क्रीनवर एकाच जागी बोट मारत बसले आहेत. टक, टक, टक. घरात माणूस आहे आणि तो मुद्दाम दार उघडत नाही, अशी खात्री असलेल्या पाहुण्याच्या चिकाटीनं.

बाहेर उभा असलेला स्क्रीनवाला खिडकीतून डोकं घालून म्हणतो, "थांबू नका काका, मारत राहा."

आणि एकाएकी स्क्रीनवर अक्षरं उमटतात : अभिनंदन, आता आपण डेव्हलपर आहात.

गृहस्थांनी चष्मा खाली घेतला आणि वाक्य पुन्हा वाचलं. "अरे, उभा जन्म नाटक कंपनीत काढला, कधी साधं पोस्टरवर नाव आलं नाही. आणि इथे नुसतं बोट मारलं तर पदवी?"

"गाडी ती सगळ्यांनाच देते, काका."

"हे तू मला सांगायला नको होतंस."

या गृहस्थांना सगळे कुजबुजे म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव आहे, पण ते विजेच्या बिलावर. कुजबुजे हे नाव नाटक कंपनीनं दिलेलं. तिथे ते प्रॉम्प्टर होते. म्हणजे प्रयोगभर विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि एखाद्या नटाचं वाक्य अडलं की पुढचा शब्द त्याच्या कानात, फक्त त्याच्याच कानात, सोडायचा. तो शब्द पहिल्या रांगेत ऐकू गेला तर प्रॉम्प्टर वाईट. नटाला ऐकू गेला नाही तरी प्रॉम्प्टर वाईट. आणि दोन्ही नीट जमलं, तर आत कुणी प्रॉम्प्टर बसला होता हेच कुणाला कळत नाही. असल्या धंद्यात कुजबुजे रमले, म्हातारे झाले.

शब्द देणं सोपं, असं ते म्हणत. कधी देऊ नये हे कळणं कठीण. पॉज दोन जातींचे असतात. एक घेतलेला आणि एक पडलेला. पडलेल्या पॉजमध्ये नटाचे डोळे शोधत असतात. छताकडे जातात, सहनटाच्या बुटांकडे जातात. घेतलेल्या पॉजमध्ये डोळे थांबलेले असतात. भलेभले नट त्यांना चकवायला बघत. मध्येच थबकायचे, घामसुद्धा आणायचे. विंगेतून चकार शब्द येत नसे. "घेतलेल्या पॉजमध्ये शब्द देणं," ते म्हणत, "म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातला घास आपण चावणं." आणि कारकिर्दीत तसं एकदाही झालं नाही, ही त्यांची एकुलती एक फुशारकी. पडलेल्या पॉजमध्येसुद्धा ते लगेच धावून जात नसत. नटाला स्वतःचं स्वतः आठवायला शेवटच्या क्षणापर्यंत वाव द्यायचा आणि अगदी बुडायला लागला की मगच हात द्यायचा.

त्यांची बायको त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळायची. तिला सगळे बाई म्हणत. चारचौघांत कुजबुजेही बाईच म्हणत, आणि घरी 'अगं'. बाईंचा आवाज कपडेपटाच्या खोलीतून निघाला की थेट तिकिटाच्या खिडकीवर जाऊन आपटे. देवानं दोघांना मिळून एकच गळा दिला होता, आणि वाटणी करताना त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. बाई कपड्यांची व्हॅन चालवायला शिकल्या, ती सवय कंपनी बंद पडल्यावरही सुटली नाही. कुजबुज्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. ते नायकाचं काम, असं त्यांचं मत.

पण बाईंची एक गोम होती. कापडाची उलट-सुलट बाजू त्यांना अंधारात बोटांनी कळे. रस्त्याची भर दुपारी कळत नसे. त्यामुळे जुन्या गाडीत कुजबुजे शेजारी बसत, जरासे बाईंच्या कानाकडे कललेले, आणि वेळ आली की म्हणत, "आता डावीकडे." संसारातली किती वर्षं अशी डावी-उजवीकडे वळत सुखात गेली.

मग चिरंजीव मोठे झाले, लांबच्या शहरात नोकरीला लागले आणि त्यांनी आईवडिलांना नवी गाडी घेऊन दिली. तिच्यात ट्रेएवढा स्क्रीन होता आणि स्क्रीनमध्ये एक बाई होती. तिचा आवाज खणखणीत. "पुढील दोनशे मीटरवर डावीकडे वळा. शंभर मीटरवर डावीकडे वळा. डावीकडे वळा." याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नाट्यशाळेनं मुलांना कपडेपट शिकवायला बाईंना बोलावलं. पहिल्या दिवशी कुजबुजे बूट घालून, केस विंचरून दाराशी उभे राहिले. बाईंनी किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला उन्हात दगदग करता? आराम करा. आता गाडीच सांगते सगळं."

हे त्यांनी मायेनं म्हटलं होतं. त्यामुळे त्यावर भांडताही येईना. कुजबुज्यांनी बूट काढले आणि जागेवर ठेवले.

पुढे काही दिवस ते त्या आवाजाची समीक्षा करत राहिले. "ओरडते केवढी! आणि कधीची सांगून टाकते. माणसाला आठवायला जागाच ठेवत नाही. अपमान आहे हा."

"मला नाही वाटत अपमान," बाई म्हणत.

"वाटायला हवा."

कंपनीतून काढलेल्या माणसाला दुसरी कंपनी तरी मिळते. शेजारच्या सीटवरून काढलेल्या माणसानं कुठे जावं? कुजबुज्यांना त्या गाडीत परत शिरायचं होतं, आणि दारातून वाट नव्हती. अशात बागेतल्या बाकावर त्यांना कळलं की असंही एक अ‍ॅप असतं, ज्यात रस्ता सांगणारा आवाज आपण स्वतःचा भरू शकतो. फक्त गाडीची कंपनी ते बसवू देत नाही. पण पुलाखाली सीटकव्हर आणि भोंगे विकणारा एक जण बसवून देतो.

तोच हा स्क्रीनवाला. गाड्यांच्या कंपन्यांबद्दल त्याच्या मनात काहीही राग नव्हता. त्या नाही म्हणतात म्हणून तर त्याचं दुकान चालत होतं. "कंपनीला विचारतंय कोण, काका?" एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. डेव्हलपर झाल्याशिवाय गाडी बाहेरचं अ‍ॅप आत घेत नसे; ती पदवी मिळाल्यावर त्यानं पेनड्राइव्ह खोचला. स्क्रीननं ताबडतोब हात आडवा घातला : हे अनोळखी ठिकाणाहून आलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नये.

"अनोळखी?" कुजबुजे दुखावले. "गाडी माझ्या बायकोची आहे."

"होय दाबा, काका. ती तीनदा विचारते, आपण तीनदा होय म्हणायचं."

"लग्नातसुद्धा एवढं विचारलं नव्हतं."

त्यांनी होय दाबलं. स्क्रीनवाल्यानं हौसेनं तीन गोष्टी जास्तीच्याही बसवल्या. सिनेमे दाखवणारं एक, पत्त्यांचा डाव मांडणारं एक, आणि एक असं की स्क्रीनभर रंगीत मासे फिरत राहतात. "मासे कशाला?" कुजबुज्यांनी विचारलं. "लोकांना आवडतात," तो म्हणाला. आतल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र कुजबुजे ठाम होते. एका विंगेत दोन प्रॉम्प्टर बसले की नाटकाचं वाटोळं होतं. तिचा आवाज बंद केला गेला. तो बटणाचा टिक आवाज त्यांनी फार समाधानानं ऐकला.

मग रेकॉर्डिंग. बाई शिकवायला गेल्या असताना कुजबुजे कपड्यांच्या कपाटात शिरले, दार ओढून घेतलं आणि फोन तोंडाशी धरला. तिथे साड्या-कोटांच्या मध्ये विंगेसारखाच अंधार होता. अ‍ॅप एकेक वाक्य मागत होतं. डावीकडे. उजवीकडे. सरळ. मुक्कामी पोहोचल्यावर काय म्हणायचं, तिथे त्यांनी भरलं, "पडदा." रस्ता चुकल्यावर काय म्हणायचं? यावर विचार करण्याची गरजच नव्हती. वाक्य गाळून पुढे गेलेल्या नटाला ते नेहमी जे सांगत तेच त्यांनी भरलं, "हरकत नाही. पुढे चल." त्यानंतर अ‍ॅपनं 'मागे फिरा' हे वाक्य मागितलं. कुजबुजे कपाटात ताठ झाले. रंगमंचावर मागे फिरत नाहीत. गेलेलं वाक्य गेलं. ते आणायला परत गेलं की अख्खा प्रवेश कोसळतो. ती जागा त्यांनी बाणेदारपणे रिकामी सोडली.

शेवटी अ‍ॅपनं विचारलं, सूचना किती आधी द्यावी? पर्याय होते : बराच आधी, थोडा आधी, अगदी वळणाशी. यावर कुजबुज्यांच्या ओठांवर हसू आलं. कलावंताचा मान कशात असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी 'अगदी वळणाशी' निवडलं.

तालीमही झाली. तळघरात, गाडी बंद ठेवून. शुकशुकाटात त्यांचा आवाज असा सुरेख ऐकू आला की त्यांच्या अंगावर काटा आला. इतका नाजूक, इतका नेमका. पहिल्या रांगेला तर मुळीच ऐकू गेला नसता.

प्रयोग ठरला तो नाट्यशाळेच्या मुलांच्या नाटकाच्या दिवशीच. बाईंना सगळे कपडे घेऊन जायचं होतं. मागची सीट झग्यांनी आणि मखमली अंगरख्यांनी छतापर्यंत भरली. शेजारच्या सीटवर, कुजबुज्यांच्या जागी, विगांचा खोका पट्टा लावून बसवला. कुजबुज्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी बाईंना काही सांगितलंही नाही; पहिल्या वळणावर कळेलच. हात हलवून निरोप देताना ते मनात म्हणाले, जा तू. मी आहेच गाडीत. आणि वर येऊन, आज आपण घरी बसूनही कामावर आहोत या थाटात त्यांनी चहा केला.

चहा निवला होता तेव्हा फोन वाजला.

"अहो, मी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? हे तुम्ही मला सांगायचं. गाडीत तुम्ही आहात ना?"

कुजबुज्यांचा चेहरा उजळला. "ओळखलास आवाज?"

"ओळखते कसली! आधी वाटलं टायरातून हवा जातेय. उतरून चारी टायर बघितले. मग वाटलं विगांच्या खोक्यात मांजर शिरलंय. खोका उघडला. शेवटी त्या स्क्रीनला कान लावला, तर तुम्ही!"

मागून, बाईंच्या गाडीतून, कुजबुज्यांना स्वतःचाच आवाज आला. "हरकत नाही. पुढे चल."

"ऐकलंत? मघापासून हेच चाललंय. पूल उतरला, पेट्रोलपंपाचा चौक आला, तीन रस्ते समोर. मी वाट बघतेय कोणी काही सांगेल. सरळ गेले, चौक मागे पडला, आणि तेव्हा तुम्ही म्हणता डावीकडे! कुठे डावीकडे? डावीकडे भिंत! मग म्हणालात हरकत नाही, पुढे चल. गेले पुढे. पुन्हा पुढे चल. आता समोर विटांची भट्टी आहे आणि एक बकरी माझ्याकडे बघतेय."

"मग मागे फिर की!"

"ते गाडीत का नाही बोललात?"

कुजबुज्यांनी कपड्यांच्या कपाटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रंगमंचावर मागे फिरत नाहीत गं."

"हा रस्ता आहे!" बाई ओरडल्या. हे वाक्य फोनशिवायही घरी ऐकू आलं असतं. "मुलं तिकडे उघडी बसलीत! काय दिसतंय स्क्रीनवर विचारा."

"काय दिसतंय?"

"मासे!"

अखेर एका पाण्याच्या टँकरवाल्याला दया आली. त्यानं बाईंना आपल्या मागे-मागे पेट्रोलपंपाच्या चौकापर्यंत आणून सोडलं. बाई पोहोचल्या तेव्हा पहिला अंक संपला होता. राजा, राणी, सेनापती, सगळ्यांनी तो अंक स्वतःच्या विटक्या टी-शर्टांत केला. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले की राजवैभवाचा पोकळपणा इतक्या धीटपणे उघडा पाडलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. दुसऱ्या अंकात मखमल आली, ती मात्र त्यांना तडजोड वाटली.

संध्याकाळी बाई घरी आल्या, पर्स ठेवली आणि खुर्चीत बसल्या. कुजबुजे पाणी घेऊन उभे. ओरडा होईल म्हणून त्यांनी मान आधीच खाली घातली होती.

"एक सांग," ते पेल्याकडे बघत म्हणाले. "शहर संपलं, विटा लागल्या. तरी गेलीस कशी पुढे?"

बाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही चल म्हणालात ना. इतकी वर्षं ऐकतेय तुमचं. कधी भट्टीला नेलं नव्हतंत." पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि हे मरतुकडं कुजबुजणं स्पीकरमधून कोणाला कळायचं? तुम्ही शेजारी असता तेव्हा मी ऐकते थोडीच? तुमची हनुवटी हलली की मला कळतं."

 बशीनं पेला झाकायला कुजबुज्यांना फार वेळ लागला.

सर्व्हिस सेंटर म्हणजे नुसती काच आणि गारठा. तिथल्या मुलीनं स्क्रीन पाहिला, माशांकडे पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "सर, गाडीत बाहेरचं काही बसवलंय का?"

"बाहेरचं नाही," कुजबुजे म्हणाले. "मी आहे."

त्यांना पुसून काढण्यासाठी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर भरायला घेतलं. अर्ध्यात स्क्रीननं एकदा डोळे मिचकावले आणि काळा पडला तो पडलाच. नवा मागवावा लागेल, यायला वेळ लागेल, असं कळलं. चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, मी बजावलं होतं ना, त्या स्क्रीनला हात लावू नका म्हणून?"

"हात नाही रे लावला," कुजबुजे म्हणाले. "आवाज लावला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्ली उचलली आणि दाराशी थांबल्या. "बूट घाला. बसा चला."

मग जे दिवस आले ते कुजबुज्यांच्या आयुष्यातल्या उत्तम हंगामाचे. डॅशबोर्डवर काळा, मुका चौकोन. आणि शेजारच्या सीटवर, जरासे उजवीकडे कललेले कुजबुजे. शब्द ते अजूनही अगदी वळणाशीच देत, पण आता बाईंचे डोळे बघून देत. ते डोळे छताकडे गेले, आरशाकडे गेले, पुलाच्या कठड्यावर फिरले, की हनुवटी हले. "आधी सांगायला काय होतं तुम्हाला?" बाई करवादत आणि वळत. पेट्रोलपंपाचा चौक आला की दोघंही सावरून बसत. तो त्यांचा सगळ्यात अवघड प्रवेश.

पण नटाचं पाठांतर झालंय हे नटाच्या आधी प्रॉम्प्टरला कळतं. एक दिवस कुजबुज्यांच्या लक्षात आलं की पुलाखाली बाईंचे डोळे शोधत नाहीत. मग शाळेच्या गल्लीत शोधेनासे झाले. मग चौकातही. गाडी सांगायची तोवर बाईंनी रस्ता कधी पाहिलाच नव्हता; आता बघत-बघत तो त्यांना येऊ लागला होता. कुजबुजे कमी बोलू लागले, मग फारच कमी. त्यांनी आपलं काम इतकं चोख केलं होतं की आता ते काम उरलं नव्हतं.

आणि एका सकाळी नवा स्क्रीन आला. आतली बाई परत आली, पूर्वीसारखीच खणखणीत. त्या दिवशी शाळेची वेळ झाली तरी कुजबुज्यांनी बूट घातले नाहीत. ते वर्तमानपत्र उघडून बसले.

"काय हो," बाई म्हणाल्या, "आज प्रयोग रद्द?"

"गाडी सांगेल की आता सगळं."

"गाडी सांगेल हो. पण आज विगांचा खोका नाही. सीट रिकामी गेलेली मला चालत नाही."

कुजबुज्यांनी बूट घातले. घालताना ते पुटपुटले, पण काय ते कुणालाच ऐकू आलं नाही.

गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, नव्या स्क्रीनवर निळा बाण मुकाट्यानं सरकत होता. आतली बाई गप्प होती. कुजबुज्यांनी हळूच डोळा टाकला तर तिचा आवाज पार शून्यावर उतरवलेला. पूल चढला, पूल उतरला, आणि पेट्रोलपंपाचा चौक आला. सिग्नल हिरवा झाला.

बाईंनी गाडी हलवली नाही.

कुजबुज्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे छताकडे नव्हते, आरशाकडे नव्हते, कठड्यावर फिरत नव्हते. ते समोर, जागच्या जागी थांबले होते. एवढंच काय, डावीकडचा इंडिकेटर कधीचा टिकटिकत होता. असला स्वच्छ, असला तालेवार, घेतलेला पॉज कुजबुज्यांनी भल्याभल्या नटांकडूनही पाहिला नव्हता. मागे एकानं हॉर्न दिला. मग दुसऱ्यानं. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत राहिल्या.

कुजबुजे सीटवर ताठ बसले. त्यांनी घसा साफ केला. आणि कारकिर्दीत जे एकदाही केलं नव्हतं ते, आणि तेही अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी केलं.

"डावीकडे!" ते म्हणाले. "आणि त्या मागच्याला सांग, पॉज चालू होता."